जागी

“तुम्ही तेव्हा झोपला होतात ना?” मेट्रनबाईंनी विचारलं ते अगदी सहज, फायलीतून मान वर न काढता. आणि शालन म्हणाली, “हो.”

बाईंनी फायलीत काहीतरी खरडलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. शालन तिथंच उभी राहिली. मामंजींच्या चहाचा रिकामा कप तिच्या हातात होता, तो खाली ठेवायचा राहून गेला. खोटं बोलल्याचं तिला तेवढं काही वाटलं नाही. खोटं ती यापूर्वीही बोललेली होती, पाहुण्यांना, शेजारणीला, कधी नवऱ्यालाही. पण ते ‘हो’ असं आत तयार होऊन बसलेलं असेल, कोणी विचारील तेव्हा लगेच बाहेर यायला टपलेलं असेल, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं खाटेकडे पाहिलं. मामंजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, भुवईवर चार टाके, त्यावर चिकटपट्टी. खाटेचे दोन्ही लोखंडी कठडे वर केलेले. डोक्याशी मेट्रनबाईंनी आजच सकाळी लाल पुठ्ठा टांगला होता, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : एकट्याने उठू देऊ नये. मामंजींना वाचता येत नव्हतं. पण आपल्या डोक्याशी काहीतरी टांगलंय एवढं त्यांना कळलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी तोंड फिरवलं होतं.

ज्ञानू शेलार हे त्यांचं नाव, पण मार्केटात त्यांना नाना म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी पाठीवर गोणी वाहिल्या. आधी मशीदबंदरला आणि मग कांदा-बटाट्याचं मार्केट वाशीला आलं तेव्हा त्याच्याबरोबर इकडे. साताऱ्याकडच्या कोरड्या माळावरून आलेला काटक माणूस. गेल्या महिन्यात पाय सुजायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली, आणि शुक्रवारी विलासनं, शालनच्या नवऱ्यानं, त्यांना वाशीच्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आणून दाखल केलं. अंगात पाणी झालंय, डॉक्टर म्हणाले, ते काढायचं. पाणी काढायची गोळी सकाळी एक, दुपारी एक. ती घेतली की दर तासाला उठावं लागे आणि उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. हे सगळं पहिल्याच दिवशी सिस्टरनं शालनला नीट समजावून सांगितलं होतं. प्रियदर्शिनी तिचं नाव. कोल्हापूरची मुलगी, तेवीस-चोवीसची असेल. “वहिनी, त्यांना एकट्यानं उठू द्यायचं नाही हं. लघवीला लागली की मला नाही तर सितारामदादांना हाक मारायची.” सितारामदादा म्हणजे वॉर्डबॉय, दोन वॉर्डांना मिळून एक, पन्नाशीचा माणूस, कधीच जागेवर नसलेला. शालननं मान हलवली होती. पण तेव्हाच तिच्या मनात आलं होतं, की हे जमायचं नाही. मामंजींना लागलीय हे मला कळणार कसं? ते सांगणार नाहीत आणि मी विचारणार नाही.

चौदा वर्षं झाली लग्नाला. जुईनगरच्या दोन खोल्यांच्या घरात चौदा वर्षांत सासऱ्यानं आणि सुनेनं एकमेकांना न दिसण्याची एक रीत बसवली होती. ते दाराबाहेरच खाकरत. ती पदर सारखा करी. ते मोरीत जात तेव्हा ती गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा झटकून वाळत घाली. तिला पाहिजे असलेली पिशवी त्यांच्या खाटेखाली असली तर ती मुलीला, जाईला पाठवी. सासूबाई होत्या तोवर सगळं त्यांच्यामार्फत चालायचं, त्या गेल्या आणि मधली जागा तशीच रिकामी राहिली. कधी कधी दिवसभरात ते दोघं मिळून चार वाक्यं बोलत. जेवण वाढू का. वाढ. चहा ठेवलाय. बरं. यात कोणाला काही कमी वाटत नव्हतं. उलट माहेरी गेली की ती आईला कौतुकानं सांगायची, मामंजींनी कधी मान वर करून बघितलं नाही माझ्याकडे. आणि आता त्याच माणसाच्या खाटेशी लोखंडी स्टुलावर ती बसली होती, पुरुषांच्या वॉर्डात, समोर पत्र्याच्या लॉकरखाली ते लघवीचं भांडं, ज्याच्याकडे दोघांपैकी कोणीच पाहत नव्हतं. ती असताना त्यांनी ते एकदाही घेतलं नव्हतं. संध्याकाळी विलास यायचा तेव्हा घेत, सिताराम दिसला तर घेत. नाहीतर पडून राहत. ओठ घट्ट मिटून, पायाची बोटं वाकवून. ती बोटं बघून तिला कळायचं. मग ती दुसरीकडे बघायची.

मंगळवारी दुपारी जे झालं ते असं झालं. डब्यातली भाकरी चुरून द्यायची म्हणून तिनं बाजूचा कठडा खाली केला होता. जेवण झालं, ताटली धुऊन आणली, दोन वाजता सिस्टरनं गोळी दिली आणि ती दुसऱ्या टोकाला नवीन पेशंट आला म्हणून घाईनं गेली. कठडा खालीच राहिला. शालननं तो पाहिला होता. वर करायला हात पुढेही नेला होता. पण मामंजींनी त्या कठड्याकडे असं पाहिलं, की तिला गावाकडचा गोठा आठवला आणि हात मागे आला. जेवल्यावर थोडा वेळ राहू दे, तिनं मनात म्हटलं. मग ती स्टुलावर बसली, लॉकरला डोकं टेकलं, डोळे मिटले. पंखा फिरत होता. सफाईवाली राहीबाई फरशी पुसत होती, फिनेलचा वास येत होता. तीन वाजायला आले असतील, तेव्हा खाट करकरली.

तिनं डोळे किलकिले केले. मामंजी उठून बसले होते. पाय खाली सोडून चपला शोधत होते. सुजलेले पाय, नखं काळी पडलेली. ते तिच्याकडेच बघत होते, ती झोपलीय का ते बघत होते. त्या क्षणी तिला बोलता आलं असतं. उठू नका, सिस्टरला बोलावते, एवढंच. पण त्यानंतर त्यांना विचारावं लागलं असतं की कशाला उठताय, किंवा विचारावं लागलं नसतं आणि तेच अधिक अवघड होतं. तिनं डोळे मिटून घेतले. नुसते मिटले नाहीत, घट्ट मिटले, श्वासही झोपेतल्यासारखा जड केला, त्यांना खात्री वाटावी म्हणून. चपलांचा आवाज झाला. एक पाऊल, दोन, तीन, चार. आणि मग आवाज थांबला.

तो थांबलेला आवाज. मंगळवारपासून शालन पुन्हा पुन्हा तिथंच येऊन पोचत होती. पुढचा धप्पकन आवाज, सलाइनच्या स्टँडचा खणखणाट, कोणीतरी ओरडलं ते, भुवईतून आलेलं रक्त, ते सगळं झरझर निघून जायचं. पण चपला थांबल्या आणि माणूस पडला यांच्या मधे जागा होती. किती होती? तीन श्वासांची? पाच? थांबल्या म्हणजे अंधारी आली, हे तिला तेव्हाच कळलं होतं. स्टुलापासून ते चार पावलांवर होते. ती उठली असती तर पोचली असती. त्यांच्या काखेत हात घातला असता तर दोघंही सावकाश खाली बसले असते. ती का उठली नाही? लाजेनं, ती स्वतःला सांगे. त्यांना लाज वाटू नये म्हणून. आणि हे खरंच होतं. पण पुरतं खरं होतं का, एवढंच तिला ठरवता येईना. तीन वर्षांपूर्वी सेक्टरातल्या बालवाडीत तिला मदतनीस म्हणून घेणार होते. बाई स्वतः घरी येऊन विचारून गेल्या होत्या, बारावी झालीय, अक्षर चांगलं आहे म्हणून. विलास हो म्हणाला होता. मामंजी खाटेवरून एवढंच म्हणाले होते, “घरात मिळवणारं मानूस हाय की.” तेवढ्यावर ते संपलं. तिनं कधी तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि ती ते विसरलीही होती, असं तिला वाटत होतं. मग त्या तीन-पाच श्वासांत ते वाक्य कुठून आलं? की तेव्हा आलंच नव्हतं, नंतर रात्रंदिवस उकरून तिनंच ते तिथं नेऊन ठेवलं?

मेट्रनबाईंना ‘हो’ म्हटलं त्याच दिवशी, बुधवारी दुपारी, ती संडासाशेजारच्या नळावर डबा धूत होती, तेव्हा राहीबाई बादली घेऊन आली. जवळच्याच एका गावची, साठीला टेकलेली, घट्ट काष्टा नेसणारी बाई. तिनं बादली नळाखाली लावली आणि पाण्याच्या आवाजात म्हणाली, “तू जागी व्हतीस गो.”

शालनच्या हातातला डबा तसाच राहिला.

“मी दारान व्हते. तुजे डोले मी पायले. म्हातारा पराच्या आदी उघडले तू.” राहीबाईनं मागं वळून पाहिलं. “मी कोनाला बोलनार नाय. तू बी नको बोलू. बोललीस तं सगला निघल. फरशी ओली व्हती तो बी निघल. माजा नाव येल, तुजा येल.”

“मग कोणाचं येतंय आता?”

“कोनाचा तरी येनारच,” राहीबाई म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली. कोणाचं, ते शालनला माहीत होतं.

संध्याकाळी पाच ते सात भेटायची वेळ. मार्केटातले चौघं-पाचजण आले, खाटेभोवती उभे राहिले. नाना, अवो तुमी आनि पडताय? ट्रकला लावलेल्या फळीवरून गोनी घेऊन पळायचात. एकानं ते कसे पळायचे ते खांदा वाकवून दाखवलं. सगळे हसले. मामंजीही थोडं हसले, पण प्लास्टरचा हात त्यांनी चादरीखाली घेतला. त्यांच्याजवळ माणसं आहेत म्हणून विलासनं शालनला बाहेर व्हरांड्यात नेलं. तो पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत फिटर होता. फर्स्ट शिफ्ट करून तसाच आला होता, अंगाला तेलाचा वास होता. खिशातून त्यानं रेघांचे दोन कागद काढले.

“कंप्लेंट लिहायची. मी विचारून आलोय सगळं, कंपनीत एकजण आहे, त्याला कायद्याचं कळतं. रेलिंग खाली होतं. का खाली होतं? ड्यूटी कोणाची? सिस्टरची. उद्या चारला मेट्रननं बोलावलंय, तेव्हा लेखी द्यायचं. तू लिही, तुझं अक्षर चांगलंय.”

“मी?”

“तूच होतीस ना तिथं. लिही, मी सांगतो.” तो कठड्याला टेकून सांगू लागला आणि ती मांडीवर डब्याची पिशवी घेऊन त्यावर कागद ठेवून लिहू लागली. जेवण झाल्यावर माझा डोळा लागला होता. ड्यूटीवरील सिस्टरने रेलिंग वर केले नव्हते. त्यामुळे माझे सासरे. पेन चालत होतं. ओळी सरळ येत होत्या, शब्दाशब्दात सारखं अंतर पडत होतं, वेलांट्या गोल येत होत्या. शाळेत निबंधाला तिला नेहमी पैकीच्या पैकी मिळायचे. आपल्याच अक्षरात ते वाचताना तिला ते खरं वाटायला लागलं, आणि त्याचीच भीती वाटली.

“तिचं काय करतील?” तिनं विचारलं.

“कोणाचं?”

“सिस्टरचं.”

“काढतील. टेंपररीच असतात या पोरी. तू कशाला टेन्शन घेते? आबांचा खुबा मोडला असता म्हणजे? डॉक्टर काय बोलला ऐकलंस ना, परत पडले तर उठायचे नाहीत.” मग त्याचा आवाज उतरला. “दमलीयेस तू. तुझा डोळा लागला त्यात तुझी काय चूक?” आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं खाली सही केली. सौ. शालन विलास शेलार.

गुरुवारी सकाळी प्रियदर्शिनी खाटेशी आली. डोळे सुजल्यासारखे होते, पण टोपी, पिना सगळं जागच्या जागी. तिनं मामंजींचं प्रेशर झोपवून घेतलं, मग बसवून घेतलं, आणि शालनला जवळ बोलावलं. “बघा वहिनी, बसवल्यावर वीसनं खाली येतंय. म्हणून एकदम उभं करायचं नाही. आधी बसवायचं, पाय खाली सोडू द्यायचे. दोन मिनिटं नुसतं बसायचं. मग उभं करायचं आणि तिथंच थांबायचं. चक्कर नाही ना आली, विचारायचं. मग पाऊल. ओल्या फरशीवरून न्यायचं नाही. आत गेल्यावर दाराला कडी लावू द्यायची नाही.” ती मामंजींच्या पायांत चपलांऐवजी मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घालून बघत होती; कुठून तरी तिनं स्वतःच आणल्या होत्या. मग बाहेरच्या टेबलाशी आल्यावर हळूच म्हणाली, “त्यांना ‘लागलीय का’ असं विचारायचंच नाही. पुरुष माणसं नाहीच म्हणतात. घड्याळ बघायचं. गोळी झाल्यावर अर्ध्या तासानं, मग दर तासाला. नुसतं म्हणायचं, चला. त्यांना सांगायला नको, आपल्याला विचारायला नको.”

शालन तिच्याकडे बघत राहिली. असं काही असू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चौदा वर्षांत कोणाच्याच आलं नव्हतं.

“रेलिंग मी बघायला पाहिजे होतं,” प्रियदर्शिनी म्हणाली. “गोळी दिली आणि तशीच गेले. सॉरी, वहिनी.”

तिनं गयावया केली असती, काही मागितलं असतं, तर बरं झालं असतं. शालनच्या खांद्याला अडकवलेल्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. तिनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

दोन वाजता गोळी दिली गेली. कठडे दोन्ही वर. अडीचला शालननं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चला. एवढं एवढं अक्षर. तिनं ते तोंडात जुळवलं, पदर सारखा केला, उठून उभी राहिली, आणि म्हणाली, “पाणी देऊ का?” मामंजींनी मान हलवली. नको. ती पुन्हा बसली. पावणेतीन झाले. पलीकडच्या खाटेवरचा माणूस घोरत होता. चादरीखाली मामंजींची पायाची बोटं वाकायला लागली होती. तिनं या वेळी नजर काढून घेतली नाही, पण तोंडही उघडलं नाही. मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते आपणहून बोलले.

“जरा पड की तू. दमलीयास.”

किती मायेनं बोलले होते ते. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, काय सासरा आहे. आणि ते खोटंही नव्हतं, ती खरंच दमली होती. पण ते काय मागताहेत हे तिला स्वच्छ कळलं होतं. तू डोळे मिट म्हणजे मी उठतो. मंगळवारी हेच न बोलता झालं होतं, आज त्याला शब्द आले होते एवढंच.

“नाही झोप येत,” ती म्हणाली.

ते भिंतीकडे वळले. दोघं तसेच राहिले, ती बसून, ते पडून. घड्याळाचा काटा सरकताना दिसत नव्हता, पण सरकत होता. सव्वातीनला एकदाचा सिताराम दारातून जाताना दिसला. तिनं धावत जाऊन त्याला गाठलं, आणि तो भांडं घेऊन पडद्याआड गेला तेव्हा ती बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. हे एकदाचं निभावलं. पण गोळीचं पाणी अजून सरलेलं नव्हतं. आणि पाऊण तासानं तिला खाली जायचं होतं.

चारला पाच मिनिटं असताना विलास दारात दिसला. ‘चल’ म्हणून त्यानं हातानं खुणावलं. शालननं आजूबाजूला पाहिलं. सिताराम एक्स-रेला कोणाला तरी घेऊन गेला होता. प्रियदर्शिनीला खाली बोलावलेलंच होतं, तिच्या जागेवरची सिस्टर औषधांच्या कपाटाशी पाठमोरी. राहीबाई जिन्यावर. शालननं दोन्ही कठडे हलवून बघितले, बसलेत ना नीट. मग ती वाकून म्हणाली, “मामंजी, मी दहा मिनिटांत येते. तोवर उठू नका.”

ते छताकडे बघत होते. हो म्हणाले नाहीत.

मेट्रनबाईंच्या खोलीत खिडकीला हिरवा पडदा होता. विलास खुर्चीवर बसला, शालनही बसली. प्रियदर्शिनी टेबलाच्या कडेला उभी होती, हात मागे बांधून. बाईंनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला. शालनचे कान वरच्या मजल्यावर होते. काहीतरी ओढल्याचा आवाज आला. खाट? स्टूल असेल. बाई काहीतरी विचारत होत्या, प्रियदर्शिनी “हो मॅडम” म्हणत होती. नवीन पेशंट आला होता मॅडम. हो, चूक झाली. विलास खुर्चीत पुढे सरकला होता. वर आता कोणीतरी चालत होतं. रबराचे तळवे की चामड्याचे? एक, दोन. शालन ऐकत होती. ते थांबतात का ते ऐकत होती.

“तुमचंच अक्षर ना हे?” बाईंनी विचारलं.

“माझंच आहे,” शालन म्हणाली. “पण मी झोपले नव्हते.”

खोलीतला पंखा एकदम मोठ्यानं वाजायला लागला असं तिला वाटलं. विलासनं मान वळवली. “काय बोलतेस?”

“जागी होते मी. रेलिंग मीच खाली केलं, जेवण देताना. वर करायचं लक्षात होतं, केलं नाही. ते उठले ते पण बघितलं. सिस्टर तिथं नव्हत्याच.” आवाज सपाट येत होता, कोणाचा तरी निरोप सांगावा तसा. “त्यांना लघवीला जायचं होतं. मी बघतेय असं त्यांना वाटू नये म्हणून मी डोळे मिटले.”

ओल्या फरशीचं तिनं काढलं नाही. का नाही काढलं, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं.

प्रियदर्शिनीचे मागचे हात सुटून पुढे आले होते, ते कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. विलासचा चेहरा शालनला बाजूनं दिसत होता. तो रागावलेला नव्हता. रागावायला अजून वेळ होता. तो आत्ता फक्त हिशोब लागत नसल्यासारखा तिच्याकडे बघत होता, चौदा वर्षं घरात असलेल्या बाईकडे. “बघत होतीस?” तो म्हणाला. “आबा पडले, आणि तू बघत होतीस?”

“हो,” ती म्हणाली. या ‘हो’ला वेळ लागला.

बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. “हे मग परत लिहावं लागेल.”

“लिहिते. पण आत्ता मला जाऊ द्या. ते वर एकटेच आहेत.” आणि परवानगीची वाट न बघता ती उठली.

जिना चढताना ती धावली नाही. धावलं तर काहीतरी झालंय असं होईल, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. वॉर्डाच्या दारातून तिला आधी त्यांची खाट दिसली, आणि कठडा खाली होता. मग ते दिसले. खाटेच्या कडेला बसलेले, पाय खाली सोडलेले, पायांत प्रियदर्शिनीच्या सँडल, पट्टे न लावलेले. चांगल्या हातानं खाटेची कड घट्ट पकडलेली, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. कपाळावर घाम होता. एका हातानं त्यांनी तो कठडा कसा काढला कोण जाणे. ते दाराकडेच बघत होते.

“बसलोय निस्ता,” ते म्हणाले. “तुझी वाट बघत हुतो.”

शालन जवळ गेली. वाकून तिनं सँडलचे पट्टे लावले. त्यांच्या पायांना तिनं लग्नात वाकून हात लावला होता त्यानंतर आजच. कातडी ताणलेली, गरम, तिथं बोट टेकलं की खळगा पडत होता. मग ती सरळ झाली आणि म्हणाली, “चला.”

त्यांनी हात पुढे केला नाही. तिनंच तो घेतला, आपल्या खांद्यावर ठेवला आणि त्यांच्या काखेखालून आपला हात घातला. ते उठले. एकदम सगळं वजन तिच्यावर आलं, तिच्या मानेची शीर ताणली, पदर डोक्यावरून घसरला. तो सावरायला तिला हात मोकळा नव्हता. “थांबा,” ती म्हणाली. “चक्कर येतीय?”

“हं.”

“मग उभं राहायचं नुसतं. जाईल.”

ते उभे राहिले. त्यांचा श्वास तिच्या कानाशी वाजत होता, त्याला तंबाखूचा आणि औषधाचा वास होता. पलीकडचा पेशंट जागा होऊन बघत होता, बघू दे. तिच्या खांद्यावरचा हात थरथरत होता, मग थोडा कमी थरथरायला लागला.

“परवा तू जागी हुतीस,” मामंजी म्हणाले. अगदी हळू. “मला ठावं हाय. झोपलेलं मानूस आसं डोळं आवळून धरत न्हाई.”

तिनं काखेतला हात आणखी घट्ट केला.

“इलासला मीच सांगितलं, ती झोपली हुती म्हनून. तू बी त्येच सांग.”

“मी सांगून आले आत्ता,” ती म्हणाली. “जागी होते म्हणून.”

ते तिथंच उभे राहिले. त्यांना अंधारी होती म्हणून की ऐकलं म्हणून, हे तिला कळलं नाही. मग त्यांनी एक पाऊल टाकलं. तिनं टाकलं. दुसरं टाकलं. चौथ्या पावलाला तिचं अंग आपोआप आखडलं, पण चौथं पाऊल पडलं आणि पाचवंही पडलं. दाराशी फरशीवर पाण्याचा ओघळ होता. तिनं त्यांना भिंतीच्या बाजूनं वळवून नेलं. आत नळाचा पाइप होता, त्यावर त्यांचा चांगला हात नेऊन टेकवला, नीट धरलाय का ते बघितलं, आणि ती बाहेर येऊन दाराकडे पाठ करून उभी राहिली. दार तिनं लोटून घेतलं नाही, एवढंसं उघडं ठेवलं.

इथून सगळा वॉर्ड दिसत होता. दुसऱ्या टोकाला विलास येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात तो कागद होता. तो पुढं येत नव्हता. आज घरी गेल्यावर तो काय बोलेल, किंवा किती दिवस बोलणार नाही, हे शालनला दिसत होतं आणि त्यातून सुटका नव्हती. तिनं पदर डोक्यावर घ्यायला हात वर नेला. मग तो तसाच दाराच्या चौकटीवर ठेवला, हाक आली तर लगेच वळता यावं म्हणून.

“हाईस न्हवं?” आतून मामंजींनी विचारलं.

“आहे,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, आणि ती पुन्हा म्हणाली, “आहे मी. सावकाश होऊ द्या.”